हवेतल्या माणसाचं वजन

उडणारा माणूस काढायला फारसं काही लागत नाही. एक मूठ पुढे, पाय मागे, पाठीवरचा झगा फडफडता ठेवला की वाचक मान्य करून टाकतो. तोच माणूस गच्चीवर उतरताना दाखवायचा म्हटलं की चित्रकाराचं पितळ उघडं पडतं. आधी टाच टेकते की चवडा? एवढ्या उंचीवरून आल्यावर गुडघा किती वाकेल? अंग थांबलं तरी झगा थांबलेला नसतो, मग त्या क्षणी तो कुठे असेल? याची उत्तरं कथेत लिहिलेली नसतात. ती चुकली तर नेमकं काय चुकलंय हे वाचकाला सांगता येत नाही, पण हा माणूस कागदावर चिकटवलेला आहे एवढं त्याला बरोबर कळतं.

उमेदीची बहुतेक वर्षं मी अशा माणसांना जमिनीवर उतरवण्यात घालवली. सुरुवात मराठी रहस्यकथा आणि दिवाळी अंकांच्या कव्हरांनी झाली, पुढे परदेशातल्या लहान प्रकाशकांची अद्भुत कादंबऱ्यांची कामं येऊ लागली. ड्रॅगन, चिलखतं, जादूगार, काय हवं ते. भेटणारा प्रत्येक जण विचारतो, "एवढ्या कल्पना सुचतात कुठून हो?" प्रश्न कौतुकाचा असतो, त्यामुळे मी हसून वेळ मारून नेतो. खरं उत्तर अगदी नीरस आहे. कल्पनेचं काम चहा निवायच्या आत संपतं. उरलेला आठवडा बुटाच्या तळव्यात, पट्ट्याच्या बकलात आणि मनगटाच्या हाडात जातो. जे जगात नाही त्याला वजन द्यायचं, एवढाच हा धंदा आहे असं माझं मत झालंय, आणि पुढची प्रकरणं फिरून फिरून तिथेच येतात.

ही चित्रकला अमेरिकेत वाढली, म्हणून पुस्तकातली बहुतेक माणसं तिकडची आहेत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथे स्वस्त, खरबरीत कागदावरच्या कथामासिकांचं पीक आलं होतं. पेपरवाल्याच्या स्टॉलवर ती एकमेकांना खेटून लावलेली असत. गिऱ्हाईक समोरून जाणार, नजर टाकणार, थांबलं तर थांबलं. त्या नजरेसाठी चित्रकाराला पैसे मिळत. 'वीअर्ड टेल्स' या भयाद्भुत मासिकाची कव्हरं १९३२ पासून मार्गारेट ब्रंडेज करू लागल्या. शिकागोच्या ज्या हायस्कुलात त्या शिकल्या त्याच शाळेत वॉल्ट डिस्नेही होता. सही 'एम. ब्रंडेज' अशी, त्यामुळे चित्रकार बाई आहे हे वाचकांना बराच काळ ठाऊक नव्हतं. एका कव्हरचे ९० डॉलर.

रॉबर्ट हॉवर्डचा कोनान हा रानटी योद्धा याच मासिकात १९३२ च्या अखेरीस जन्मला. जून १९३३ च्या अंकात त्याची 'ब्लॅक कोलोसस' ही कथा आली. तिच्यावरच्या कव्हरवर कोनानचा पत्ताच नाही. एका दगडी मूर्तीपुढे एक विवस्त्र तरुणी आहे, बस्स. खप कशानं होतो हे संपादकाला कळलं होतं. लेखकही काही दुधखुळे नव्हते. आपली कथा कव्हरवर जावी म्हणून सीबरी क्विनसारखे लेखक तसा एखादा प्रसंग कथेत बेतून घालत, असं सांगतात. ब्रंडेज पेस्टलनं काम करत, म्हणजे दाबलेल्या रंगीत भुकटीनं. मासिकाचं कार्यालय शिकागोत होतं तोवर चित्र हातोहात पोचवता येई. १९३८ मध्ये मासिक न्यूयॉर्कला गेलं आणि ही भुकटी आगगाडीच्या धक्क्यांत शाबूत ठेवून पाठवणं ही डोकेदुखी होऊन बसली. तिथून त्यांची कामं रोडावली. शैली मागे पडणं, वाद होणं हे सगळं आपण समजू शकतो. पण रंग वाहतुकीला टिकत नाही म्हणून चित्रकार मागे पडतो, हे कलेच्या इतिहासात कोणी लिहीत नाही. कव्हरच्या इतिहासात ते लिहावंच लागतं.

चित्र आधी आणि कथा मागून, ही उलटी वरात तर या धंद्यात नेहमीचीच. डीसी कॉमिक्सचे संपादक ज्युलियस श्वार्ट्झ कित्येकदा आधी कव्हर काढून घेत आणि मग लेखकाला म्हणत, आता या चित्राला गोष्ट जुळव. १९५१ मध्ये 'स्ट्रेंज ॲडव्हेंचर्स'च्या एका अंकावर माणसासारखा विचार करणारा गोरिला आला आणि अंक जोरात खपला. झालं. प्रत्येक संपादकाला गोरिला हवासा झाला. शेवटी महिन्याला एकाच मासिकावर गोरिला, असा नियम करावा लागल्याची आख्यायिका त्या धंद्यात अजून चवीनं सांगतात. मला ती खरी वाटते, कारण मी स्वतः 'वाड्याच्या खिडकीत कंदील' इतक्या वेळा काढलाय की तशी बंदी आमच्याकडेही कोणी घातली असती तर मी त्याचे पाय धरले असते.

आता फ्रँक फ्राझेटा. पुस्तकाचा सगळ्यात मोठा भाग त्याला दिलाय आणि त्याबद्दल मला अजिबात संकोच नाही. जन्म १९२८ चा, ब्रुकलिनमधला. आठव्या वर्षी तो मिकेले फालांगा या इटालियन चित्रकाराच्या छोट्या कलाशाळेत दाखल झाला आणि सोळाव्या वर्षी कॉमिक्सच्या धंद्यात शिरला. मग जवळजवळ नऊ वर्षं अ‍ॅल कॅप यांच्या 'लिल ॲब्नर' या चित्रमालिकेत दुसऱ्याच्या नावाखाली, दुसऱ्याच्या वळणानं चित्रं काढत बसला. तिथून बाहेर पडला तेव्हा त्याचा हात जुन्या वळणाचा ठरला होता आणि काम मिळेनासं झालं होतं. नशीब फिरलं ते एका थट्टेनं. १९६४ मध्ये 'मॅड' मासिकासाठी त्यानं शांपूची एक खोटी जाहिरात रंगवली, मॉडेल म्हणून बीटल्समधला रिंगो स्टार. ती पाहून एका चित्रपट कंपनीनं 'व्हॉट्स न्यू पुसीकॅट?'चं पोस्टर दिलं आणि एका दुपारच्या कामात त्याला वर्षाच्या कमाईइतके पैसे मिळाले. पुढे १९६६ पासून लान्सर या प्रकाशनानं हॉवर्डच्या कोनानकथा खिशात मावणाऱ्या पुस्तकांत काढल्या. हॉवर्ड जाऊन तीस वर्षं झाली होती. कव्हरं फ्राझेटाकडे आली.

त्यातलं 'कोनान द ॲडव्हेंचरर'चं चित्र नीट पाहा. मागे तांबूस तपकिरी धूर. ना किल्ला, ना डोंगर. खाली प्रेतांचा आणि हाडांचा ढिगारा. त्यावर तो उभा, तलवारीचं टोक खाली, हात मुठीवर. एक तरुणी त्याच्या पायाला बिलगलेली. तो काहीही करत नाहीये. वार नाही, झेप नाही, आरोळी नाही. सगळा भार एका नितंबावर टाकून, खूप दमलेला आणि तरीही अंगावर जाण्यासारखा नाही, असा तो नुसता उभा आहे. पोटऱ्यांखाली सगळं ढिगाऱ्यात आणि काळोखात मिसळून जातं. त्यामुळे तो ढिगाऱ्यावर ठेवलेला वाटत नाही, त्यात रुतलेला वाटतो. नवशिका चित्रकार इथे प्रत्येक कवटी घासूनपुसून रंगवील. फ्राझेटा चेहरा, छाती आणि मूठ एवढ्यावर उजेड टाकतो आणि बाकीचं ब्रशच्या फटकाऱ्यांवर सोडून देतो. लांबून शंभर तपशील दिसतात, भिंग लावलं की त्यातले बरेच नाहीसे होतात.

१९७३ चं 'डेथ डीलर' हेही असंच थांबलेलं चित्र आहे. काळा घोडा, मान खाली घातलेला. वर शिंगांचं शिरस्त्राण घातलेला स्वार, चेहऱ्याच्या जागी अंधार आणि त्यात दोन लाल ठिपके, कुऱ्हाडीला रक्त, मागे गिधाडं. कत्तल होऊन गेलीय किंवा व्हायचीय, ते आपण ठरवायचं. या स्वाराची कोणतीही कथा तेव्हा अस्तित्वात नव्हती. चित्र गाजलं, १९७८ मध्ये मॉली हॅचेट या रॉक बँडच्या पहिल्या रेकॉर्डवर झळकलं, आणि मग ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस या स्वारावर कादंबऱ्या लिहिल्या गेल्या. पुन्हा तीच उलटी वरात.

फ्राझेटा पुस्तकं वाचण्याच्या भानगडीत फारसा पडत नसे आणि ते लपवतही नसे. मायकेल व्हेलन नेमका दुसऱ्या टोकाचा. हस्तलिखित नीट वाचायचं, टिपणं काढायची, नायिकेच्या अंगठीत कुठल्या रंगाचा खडा आहे तेही पाहायचं आणि मग ब्रश उचलायचा. स्टीफन किंगच्या 'द गनस्लिंगर'ची १९८२ ची चित्रं त्याची. लेखकांना व्हेलन आवडतो यात नवल नाही. मी स्वतः वाचून काम करणारा आहे. तरी सचोटीला मार्क द्यायचे की चित्राला, असा प्रश्न आला तर माझं मत फ्राझेटाला जातं. अंगठीतला खडा बरोबर असला म्हणून बोट जिवंत होत नाही.

अतिमानवांचं प्रकरण थोडं वेगळं आहे. कॉमिक्सचा सुपरहीरो मुळात रेषेतला. काळी बाह्यरेषा आणि सपाट रंग, हीच त्याची कातडी. त्याला तैलरंगात आणलं की तो घट्ट कपड्यातला, जरा विचित्र दिसणारा गृहस्थ होण्याचा धोका असतो. तरीही हा मोह जुना आहे. १९४० मध्येच ह्यू जोसेफ वॉर्ड या कथामासिकांच्या चित्रकारानं सुपरमॅनचं पूर्णाकृती तैलचित्र केलं. ते प्रकाशकाच्या कचेरीत लागलं आणि पुढे न्यूयॉर्कच्या लेहमन कॉलेजात सापडलं. साठच्या दशकात जेम्स बामा यांनी डॉक सॅव्हेज या नायकाची कव्हरं करायला घेतली आणि एकूण ६२ केली. मॉडेल स्टीव्ह हॉलंड, टीव्हीवर फ्लॅश गॉर्डन झालेला नट. बामांनी एकच युक्ती धरून ठेवली: नायकाचा शर्ट फाटलेला. अंग दाखवायला ती उपयोगी होतीच, पण माझ्या मते खरी गंमत चिंध्यांत आहे. कापडाचा प्रत्येक फाटका तुकडा कुठून ओढला गेलाय, कुठे घामानं चिकटलाय, हे इतकं पक्कं आहे की आतल्या अशक्य छातीवर आपण विनातक्रार विश्वास ठेवतो. नंतर बामा वायोमिंगला जाऊन राहिले आणि गुराखी आणि तिथले मूळनिवासी रंगवू लागले. त्यात त्यांनी मोठं नाव कमावलं. मला मात्र ते शर्टच आठवतात.

अ‍ॅलेक्स रॉसनं ही वाट हमरस्ता केली. १९७० चा जन्म, वडील पाद्री, आई व्यावसायिक चित्रकार, शिक्षण शिकागोच्या अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ आर्टमध्ये, नोकरी जाहिरात कंपनीत. १९९४ मध्ये 'मार्व्हल्स' आणि १९९६ मध्ये 'किंगडम कम', दोन्ही पानन् पान रंगवलेली. ओळखीच्या लोकांना पोशाख चढवायचे, प्रखर दिव्यात फोटो काढायचे, त्यावरून पेन्सिलीचं पक्कं चित्र, मग आधी काळ्या-करड्या छटांत सगळा उजेड-अंधार बसवून घ्यायचा आणि त्यावर रंग. रंग गुआश, म्हणजे आपल्या पोस्टर कलरच्या जातीचा: लवकर सुकणारा, चूक झाली तर ओल्या ब्रशनं उठणारा, पण म्हणूनच फार घोटलं की चिखल होणारा. 'किंगडम कम'मधला सुपरमॅन वयस्कर आहे, कानशिलं पिकलेली, कमरेला जाड. कथा सांगणारा वृद्ध पाद्री तर रॉसनं स्वतःच्या वडिलांवरूनच घेतला. छातीवरचं ते प्रसिद्ध अक्षर त्याच्या चित्रात सपाट शिक्क्यासारखं बसत नाही. छातीच्या गोलाईबरोबर वळतं, बगलेत चुणी पडली की तिथे किंचित दुमडतं. इतकं केल्यावर तो उडाला तरी आपली हरकत नसते. तक्रार करायचीच तर एक आहे: दिवा खालून, नजर वर क्षितिजाकडे, ही रॉसची पोझ इतकी रुळली की नंतरचे निम्मे सुपरहीरो फोटो स्टुडिओत जाऊन आलेले वाटू लागले.

झग्याचा धडा मी घरीच शिकलो. भाच्याला स्टुलावर उभं करून गळ्यात चादर बांधली आणि पंखा लावला. सुती चादर खांद्यावर फुगते आणि खाली ताठ राहते. रेशमी ओढणी पायापर्यंत एकसारखी थरथरते, रेक्झिन तर हलायलाच तयार नसतं. तेव्हापासून कुठलंही कव्हर पाहिलं की मी आधी विचारतो, हे कापड कोणतं? बऱ्याच कव्हरांवर उत्तर येतं: कोणतंच नाही.

हा प्रश्न आपल्या मातीत फार गमतीदार होतो. २००४ मध्ये जीवन कांग या भारतीय चित्रकारानं मुंबईतला स्पायडरमॅन काढला, पवित्र प्रभाकर नावाचा. वर जाळीचा नेहमीचा अंगरखा आणि खाली धोतर. उलटं लटकल्यावर धोतर कुठे जाईल, हा प्रश्न न्यूयॉर्कच्या चित्रकाराला कधी पडला नसेल. कांगला तो पानापानावर सोडवावा लागला. घोळदार कापडामुळे उडीची दिशा उलट जास्त स्पष्ट झाली, घट्ट पोशाखात ती कधी इतकी दिसत नाही. त्याआधी, १९६४ पासून, टाइम्स समूहाच्या 'इंद्रजाल कॉमिक्स'मधून अमेरिकी फँटम आपल्याकडे वेताळ होऊन मराठीतही आला, आणि त्याची रंगवलेली कव्हरं गोविंद या सहीची असत. आतली रेषा परदेशी, बाहेरचा रंग देशी. माझ्या पिढीतल्या पुष्कळ चित्रकारांचा पहिला गुरू हीच सही, त्या गृहस्थाला याचा पत्ताही नसताना.

त्याच्याही आधी मराठीत दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर हे चित्रकार होते. दोघे मूळचे गोव्याचे. मुळगावकरांची देवादिकांची कॅलेंडरं घरोघरी लागली, पण बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांना तोंडावळा दिला तोही त्यांनीच. अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली. इतक्या वेगानं लिहिणाऱ्याला कव्हर पुरवायचं म्हणजे चित्रकाराचा हातही तितकाच पळायला हवा. त्यांच्या झुंजार किंवा काळापहाड या नायकांचं नाव घेतल्यावर वाचकाच्या डोळ्यांपुढे जे येई, ते निम्मं तरी कव्हरवरून आलेलं असे. दलाल आणि मुळगावकर या दोघांवर स्वतंत्र पुस्तक व्हायला हवं. इथे मी त्यांना ओझरतं आणलंय, कारण वजनाच्या बाबतीत आपली परंपरा वेगळी पडते. मुळगावकरांची माणसं तुळतुळीत आणि तरंगती आहेत. ते त्यांचं उणं नव्हे. देव जमिनीला टेकला नाही तरी भक्ताचं काही अडत नाही.

पैशांचं बोलायलाच हवं, नाहीतर ही प्रस्तावना खोटी ठरेल. कव्हरचं मूळ चित्र कोणाचं? अमेरिकेतल्या मोठ्या कॉमिक्स प्रकाशकांनी मूळ कागद चित्रकारांना परत करायला सुरुवात केली ती सत्तरच्या दशकात. तोवर ढीगच्या ढीग गोदामात पडले, वाटले गेले, फाडले गेले. फ्राझेटा आणि त्याची पत्नी एली यांनी मूळ चित्रं आपल्याकडे ठेवण्याचा हट्ट फार लवकर धरला. व्यवहार एली पाही आणि बाईचा आवाज पक्का होता. परत आलेल्या चित्रावर फ्राझेटा पुन्हा बसे, चेहरे बदले, अंधार वाढवी. त्यामुळे छापलेलं कव्हर आणि आजचं मूळ चित्र कित्येकदा जुळत नाहीत. १९६९ मध्ये 'ईरी' या भयकथा मासिकावर आलेलं त्याचं 'इजिप्शियन क्वीन' २०१९ च्या लिलावात ५४ लाख डॉलरला गेलं. माझी काही चित्रं एका प्रकाशकाच्या गोदामात ओल लागून गेली. मागायला गेलो तेव्हा "छापून झालंय की, आता काय करणार त्याचं?" असं अगदी प्रेमानं विचारलं गेलं. त्या प्रश्नात दुष्टपणा नव्हता. कव्हर म्हणजे छापील वस्तू आणि मूळ चित्र म्हणजे तिचा कच्चा माल, अशीच सगळ्यांची समजूत होती. माझीसुद्धा तेव्हा फार वेगळी नव्हती.

पुस्तकात काय नाही तेही सांगतो. ग्राफिक्स टॅबलेटवरच्या कामाला एकच छोटं प्रकरण आहे, कारण अवजार बदललं तरी टाच आणि चवड्याचा प्रश्न तोच राहतो. 'सँडमन' या कॉमिक्स मालिकेच्या डेव्ह मॅककीननं केलेल्या कव्हरांना जास्त जागा द्यायला हवी होती, असं मित्रांचं म्हणणं पडलं. नायक दर महिन्याला कव्हरवर दिसलाच पाहिजे ही सक्ती त्यानं झुगारली. फोटो, लाकूड, कात्रणं, सगळं एकत्र करून त्यानं कव्हरं रचली. मोठा माणूस. पण त्याची चित्रं मुद्दाम बिनवजनाची आहेत, आणि मी वजनाच्या वाटेनं निघालोय.

शेवटी छपाईबद्दल. पुस्तकातली बहुतेक चित्रं मी मथळा, किंमत आणि असेल तिथे बारकोडच्या चौकटीसकट छापायला सांगितली. संग्राहकांना हे आवडणार नाही, त्यांना कोरं चित्र हवं असतं. पण फ्राझेटाच्या कोनानमागे तो नुसता धूर का आहे, हे मथळ्याची अक्षरं त्यावर बसलेली पाहिल्याशिवाय कळत नाही. वरचा तिसरा हिस्सा आपला नाही, हे कव्हरचा चित्रकार पहिल्या रफपासून धरून चालतो आणि माणसाचं डोकं, हात, तलवार त्या हिशेबानं खाली ओढतो. माझ्या कितीतरी योद्ध्यांची कंबर थोडी वाकलेली आहे ती शौर्यानं नव्हे, लेखकाचं नाव लांबलचक होतं म्हणून. मोजकी कोरी चित्रं अखेरच्या भागात दिली आहेत. ती आधी उघडू नयेत, एवढी विनंती.